येझदी, लग्नपत्रिका आणि अर्धा मिलिमीटर

जुन्या मोटरसायकली ‘नव्याकोऱ्या’ करून देणाऱ्यांचे व्हिडिओ मी एके काळी लोकलमध्ये, जेवताना, झोपायच्या आधी, सतत बघायचे. सगळे एकाच साच्याचे. सुरुवातीला कुठल्याशा गोठ्यात पडलेला गंजका सांगाडा, मग ढणढणतं संगीत, सँडब्लास्टिंगची धूळ, रंगाचे फवारे, आणि शेवटी वरातीतल्या घोड्यासारखी नटलेली गाडी. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू?

पण एक प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. ही गाडी नक्की कुठल्या दिवसाची केलीत? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाची? मग त्यानंतर ज्या मेस्त्र्यांनी, टर्नरांनी, वेल्डिंगवाल्यांनी तिला रस्त्यावर ठेवलं, त्यांचं काम कुठे गेलं? बहुतेक वेळा ते भंगारवाल्याच्या पोत्यात गेलेलं असतं, आणि व्हिडिओत नेमका तेवढा भाग भरभर पळवलेला असतो.

माझ्याकडे आलेली गाडी येझदी २५०, १९७९ची. आधीचे मालक ठाण्याच्या वर्तकनगरचे एक आजोबा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी केलेले. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. आज तिथे काचेच्या इमारतींत आयटीवाले बसतात आणि दुपारी टपऱ्यांवर गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली गर्दी दिसते. आजोबांच्या तरुणपणी पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा, गेटवर सायकलींची झुंबड, आणि मध्येच एखादी राजदूत किंवा येझदी. पुढे आजोबांचे गुडघे गेले, किक मारणं जमेना, गाडी जिन्याखाली गेली ती तिथेच राहिली. मी बघायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “पोरी, पाना कधी धरलायस का हातात?” म्हटलं नाही, मी बँकेत आहे. “मग बरंय,” ते म्हणाले, “अर्धवट येणाऱ्यांनीच हिची जास्त वाट लावलीय.”

आम्ही तेव्हा चरईत राहायचो. तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, मागच्या अंगाला बुजवलेली विहीर आणि तिच्या कट्ट्यावर पत्र्याची शेड. पुनर्विकासाची बोलणी त्याच सुमारास पक्की होत आली होती. गच्चीवरच्या सभेत कॉर्पस किती, भाडं किती, कार्पेट किती यावरून हमरीतुमरी, आणि खाली विहिरीच्या कट्ट्यावर मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत नट-बोल्ट वेगळे करत बसलेली. सेक्रेटरी येता-जाता डोकावायचे. “वहिनी, इमारत रिकामी करायचीय आपल्याला. तुम्ही भरताय.” त्यांचं काही चुकत नव्हतं. पण नव्या इमारतीच्या नकाशात एकावर एक गाड्या रचायची पार्किंगची यंत्रं दाखवली होती. त्यांच्याखाली तरटावर बसून मला कोण इंजिन खोलू देणार? जे काय करायचं ते ही इमारत पडायच्या आत.

येझदीची कुळकथा थोडक्यात सांगते, कारण कामाला तिचा उपयोग झाला. जावा ही मूळची प्रागची कंपनी. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकानं १९२९मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचं डिझाइन विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून नवं नाव केलं. आपल्याकडे आयडियल जावा या कंपनीनं १९६१च्या सुमारास म्हैसूरला उत्पादन सुरू केलं. सत्तरच्या दशकात परवान्याचा करार संपला, टाकीवरचं नाव येझदी झालं, गाडी बरीचशी तीच राहिली. १९९६मध्ये कारखान्याला टाळं लागलं. हल्ली शोरूममध्ये दिसणारी जावा २०१८ची आणि येझदी २०२२ची. त्यांची इंजिनं फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. माझ्या गाडीशी त्यांचं नातं नावापुरतं.

नवशिक्या माणसाला यातून दोन गोष्टी फुकट मिळतात. डिझाइन पन्नासच्या दशकातलं आणि पुढे फारसं न बदललेलं, त्यामुळे जावाचे पुष्कळ पार्ट येझदीला चालतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत अजून कोणाच्या तरी माळ्यावर ते निघतात. दुसरं म्हणजे गाडी युरोपातली, म्हणून आटे मेट्रिक. त्या काळच्या बुलेटला इंग्रजी आटे. तिच्यासाठी पान्यांचा निराळाच संच गोळा करावा लागतो. मला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडच्या पान्यांवर भागवता आलं.

शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात लपवाछपवी कमी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, हलणारे महत्त्वाचे भाग एवढेच. सिलिंडरच्या भिंतीला असलेल्या पोर्टांची उघडझाप पिस्टनच करतो. तो वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण ओढलं जातं. खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकची ऑइल सीलं वयानं कडक झाली की फटीतून बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गाडी दिसायला कशीही असो, दहा-वीस रुपयांच्या रबरी कडीवर तिचा जीव टांगलेला असतो.

हे सगळं वाचलेलं. हाताशी आलं ते चाचांमुळे. चाचा राबोडीचे, सत्तरी ओलांडलेले. गॅरेज आता मुलगा चालवतो, तो स्कूटरी बघतो आणि हल्ली बॅटरीवाल्यासुद्धा. चाचांनी माझ्याकडे रविवारी यायचं कबूल केलं ते एका अटीवर. “मी खुर्चीवर बसनार, ताई. हात तुमचा.”

इंजिन जाम होतं. किक एक सूतभर हलेना. चाचांनी प्लग काढायला लावला, त्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडायला लावलं, चहा घेतला आणि निघाले. म्हटलं, आता? “आता कायपन नाय. पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाय. इंजिनला जबरदस्ती केली की पिस्टनची रिंग तुटते, मग तुमी रडनार.” मधल्या दिवसांत शेजारपाजारचे बरेच पुरुष येऊन गेले आणि प्रत्येकाला किकवर उभं राहून बघायचं होतं. मी किकचा दांडा सुतळीनं बांधून ठेवला. पुढच्या रविवारी गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी बेतानं. चाक आधी रेसभर हललं, मग बोटभर. मग प्लगच्या भोकातून काळपट डिझेलची एक पिचकारी उडाली आणि सेक्रेटरींच्या पांढऱ्या लेंग्यावर गेली.

हेड उतरवलं, सिलिंडर वर सरकवून काढला. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा खरपूस थर होता. तो लाकडाच्या पट्टीनं खरवडायचा. लोखंड वापरलं तर अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. खरवडता खरवडता खालून एक आकडा वर आला: ०.५०.

येझदीचा सिलिंडर नवा असतो तेव्हा त्याचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, म्हणून इंजिन जेमतेम २४९ सीसीचं. भिंती झिजल्या की लेथवाला बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, थोडा मोठा करतो, साधारण पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीनं, आणि त्या मापाचा पिस्टन बसवतो. ०.५० म्हणजे या सिलिंडरचं काम आधी झालेलं. मी आजोबांना फोन लावला. ते एकदम खुशीत आले. पहिल्यांदा कसारा घाटात पकडली होती, पाव मिलिमीटरवर गेली. दुसरं काम त्यांनी स्वतः केलेलं, कारखान्याच्या लेथवर, रात्रपाळीला, सुपरवायझरला डुलकी लागल्यावर. “पहाटे पाचला माप घेतलं. वर-खाली फरक नाही. साहेबाला आजपर्यंत माहीत नाही.”

आता करायचं काय? गाड्या रिस्टोर करण्याचा धंदा करणाऱ्या एकानं मला सांगितलं, जुना बोअर काढून नवीन स्लीव्ह, म्हणजे आतली लोखंडी नळी, टाका, पुन्हा ६५वर आणा, म्हणजे ‘ओरिजिनल’. ऐकायला बरोबर वाटतं. मी सिलिंडर पिशवीत घालून वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गाळ्यात नेला. तिथल्या माणसानं बोअर गेज आत सोडून माथ्याला, मध्ये आणि तळाला मापं घेतली, मग गेज नव्वद अंशांत फिरवून पुन्हा तीच तीन मापं. सिलिंडर झिजतो तेव्हा सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या बाजूला जास्त मोठा होतो आणि गोल न राहता लंबगोल होतो, म्हणून हा उपद्व्याप. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे कोणी केलंय? हात चांगला आहे. दुसऱ्या बोअरनंतर गाडी फार चाललेली दिसत नाही. उगीच स्लीव्ह टाकू नका, होनिंग करतो, रिंगा नवीन घाला.” होनिंग म्हणजे भिंतीवर बारीक तिरप्या रेघा पाडायच्या, त्यात ऑइल धरून राहतं. पृष्ठभागावरचा गंज तेवढ्यात निघाला. आजोबांचा रात्रपाळीचा अर्धा मिलिमीटर जागेवर राहिला.

तिथून माझं धोरण ठरलं. थांबवतं आणि वाचवतं ते नवं. चालवतं ते मोजून बघायचं. दिसतं ते असू द्यायचं.

पहिल्या कलमात भावनेला जागा नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. माझ्या मागच्या टायरवरचे आकडे २००८ सांगत होते. वरच्या नक्षीची खोली छान शिल्लक होती, पण रबर नख रुतणार नाही इतकं टणक. टायर-ट्यूब नवीन. ब्रेक लायनर नवीन, आणि जुन्या ड्रममधली धूळ फुंकून किंवा झटकून काढायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. केबली सगळ्या नवीन. वायरिंग तर उघडून बघितल्यावर मी हातच जोडले. हेडलाइटच्या मागे लाल, निळी, पिवळी, दोरीसारखी पांढरी अशा निरनिराळ्या दशकांतल्या वायरी, सांध्यांना चिकटपट्टी, आणि एका ठिकाणी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. तो जुगाड ज्यानं केला त्याच्या हुशारीचं कौतुक आहे. कौतुक करून ते कचऱ्यात टाकलं.

आता लग्नपत्रिका. डाव्या बाजूचं मोठं कव्हर उघडलं की आत क्लच आणि प्रायमरी चेन, दोन्ही ऑइलमध्ये बुडालेली. कव्हर आणि क्रँककेस यांच्या मध्ये कागदी पॅकिंग असतं. माझ्या गाडीचं निघालं ते तपकिरी, तेलकट, तीन तुकड्यांत. फडक्यानं पुसलं तर एका तुकड्यावर गणपतीची सोंड, सोनेरी. दुसऱ्यावर ‘आपले नम्र’. तिसऱ्यावर कुठल्या तरी मंगल कार्यालयाचा अर्धा पत्ता. चाचा हसायला लागले. “पत्रिका जाड असते, ऑइल लवकर पीत नाय. शादीच्या सीझनमधे आमाला पॅकिंगचा कधी तोटा नाय पडला.”

तयार पॅकिंगचा संच मी आणलेला होता. हेडला आणि सिलिंडरच्या बुडाला तोच वापरला. तिथे दाब असतो, आच असते, तिथे पत्रिकेचं काम नव्हे. क्लच कव्हरला मात्र मला पत्रिकाच हवी होती. घरात पत्रिकांना काय तोटा? सासूबाईंनी कपाटातला गठ्ठा काढला, चष्मा लावून एकेक पाहिली, आणि एक जाडजूड निवडून दिली. “ही घे. यांनी बोलावलं, पण जेवलात का म्हणून विचारलं नाही.”

पॅकिंग कापायला कात्री लागत नाही. कव्हर उपडं ठेवायचं, कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं म्हणजे कागद सरकत नाही, वर पत्रिका पसरायची आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. जोर नाही, नुसता ताल. कव्हरची धारच खालून कागद कापते. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगमधली एखादी गोळी ठेवून एक ठोका दिला की अचूक गोल तुकडा पडतो. आधी भोकं, मग आतली कड, बाहेरची सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर कागद हलतो आणि भोकं जुळत नाहीत. चाचा डोळे मिटून ऐकत होते. ठोका कागदावर पडला की धातूवर, हे त्यांना आवाजावरून कळायचं. “थोडा डावीकडं... हा, तिथं नाय कापलं अजून.” मी पाहिलं. खरंच, तिथे दोन बोटं कागद धरून होता.

कव्हर बसवून बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळले. अजून तरी तिथून ऑइलचा थेंब गळलेला नाही. गळतं ते दुसरीकडून.

इलेक्ट्रिकचं काम मला अवघड जाईल असं वाटलं होतं, उलट तेच सुटसुटीत निघालं. सहा व्होल्टचा डायनॅमो, एक कॉइल, एक कंडेन्सर आणि सीबी पॉइंट. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगला ठिणगी पडते; मेस्त्री लोक तिला करंट म्हणतात. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर ठेवायची. चाचा त्यासाठी व्हिजिटिंग कार्ड वापरतात, मी फिलर गेज विकत आणला. त्यांच्या कार्डानं लावलेली फट मी गेजनं मोजून पाहिली आणि गेज गुपचूप डब्यात ठेवला. पॉइंट नेमके कधी उघडतात हे बघायची त्यांची रीत मला फार आवडली. पॉइंटच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी धरायची, बोटानं हलका ताण द्यायचा आणि क्रँक सावकाश फिरवायचा. पट्टी अलगद सुटून हातात आली की तोच क्षण. त्या वेळी पिस्टन माथ्यापासून किती खाली आहे ते मोजलं की टायमिंग कळलं.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा, असं मला जवळपास प्रत्येकानं सांगितलं. किट चांगलंच असतं, गाडी पटकन चालू होते. तरी मी घेतलं नाही. मुंब्रा बायपासवर गाडी बंद पडली तर पॉइंट मला पर्समधल्या नखांच्या कानशीनं घासता येतील. ते सीलबंद डबडं जळलं तर ढकलत आणावी लागेल, आणि गाडीचं वजन माझ्या दुप्पट आहे.

टाकीच्या आतला गंज लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं काढला. टाकी भरून रात्रभर ठेवली, सकाळी पाणी चहासारख्या रंगाचं. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुऊन, केस वाळवायच्या ड्रायरनं लगेच कोरडी केली, कारण ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होतं. बाहेरून उजव्या बाजूला पोचा आहे. तो आजोबांनी कारखान्याच्या फाटकाला टेकवून पाडलेला. तसाच ठेवला.

क्रोमचा मोह मात्र झाला होता. प्लेटिंगच्या गाळ्यात जाऊन भाव विचारून आले. तिथे कळलं की जो थर आपण क्रोम म्हणून मिरवतो तो मायक्रॉनच्याही अंशाइतका असतो. खरी चकाकी त्याखालच्या निकेलची आणि निकेलखाली तांब्याची. नवा थर चढवायचा तर जुना सगळा उतरवून पत्रा बफिंगनं घासून काढावा लागतो, म्हणजे दर वेळी पत्रा थोडा पातळ. वर त्या हौदांतलं क्रोमियम श्वासातून आत गेलं तर कर्करोगाला आमंत्रण. मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून सायलेन्सर घासले. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही, वरचा गंज निघतो. खड्डे राहतात. राहू देत.

पेट्रोलबद्दल सांगायला हवं, कारण जुन्या गाड्यांचे व्हिडिओवाले यावर बोलत नाहीत. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. प्रमाणाबाहेर ओल झाली की ते पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, वर पेट्रोल. जुन्या रबराला आणि कॉर्कच्या पॅकिंगलाही ते सोसत नाही. म्हणून पेट्रोल कॉकची रबरं बदलली, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवते. एका लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल, हे १:२५चं प्रमाण. मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. ते आता औषधाला वापरायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावलंय.

कागदपत्रांचं काम निराळ्या प्रकारचा व्यायाम आहे. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलायला, २५ नोंदणीच्या नूतनीकरणाला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवायची. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची म्हणजे आकडे कागदावर उठतात. लहानपणी नाण्यांवर करायचो तेच. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का, हेही विचारून झालं. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, म्हणजे माझीला २०२९ उजाडायला हवं. शिवाय व्हिंटेज झाली की ती रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला नेणं. मग नकोच. तिला नुसती जुनी गाडी राहू दे, मला तिच्यावरून भाजी आणायचीय.

चालू झाली ती रविवारी सकाळी. येझदीत किक आणि गियर यांना एकच दांडा. तो आत दाबून मागे फिरवला की किक होतो, गाडी चालू झाली की पुढे आणला की पुन्हा गियर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी तुटलंय. कार्बोरेटरचा खटका पेट्रोल ओघळेपर्यंत दाबला, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, फटकन एक बार झाला. चाचा म्हणाले, “चोक नको. आता द्या.” आणि मग एकदम दोन्ही सायलेन्सरमधून तो डुगडुग आवाज, आणि धूर. होनिंगनंतर आत चोपडलेलं सगळं ऑइल बाहेर पडत होतं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या; लोकांना वाटलं, महापालिकेची डासांची फवारणी आली. सेक्रेटरी धावत खाली आले, या वेळी लेंगा काळजीपूर्वक दूर ठेवून.

धुराचं समर्थन मी करणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही सोबत निघून जातं, आणि ऑइल जळतं ते वेगळंच. नव्या टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारातून गेल्या त्या योग्य कारणानं गेल्या. ही एक मी आठवड्यातून एकदा काढते, पीयूसी वेळेवर करते, आणि तरीही मागच्या रिक्षावाल्याची माफी मागावीशी वाटते.

आजोबांना व्हिडिओ कॉल केला. वाटलं होतं, गहिवरतील. त्यांनी फोन कानाला लावला, पडद्यावर मला नुसता त्यांचा कान दिसत होता. बराच वेळ ऐकून म्हणाले, “डावा सायलेन्सर कमी बोलतोय. जाळी काढून भट्टीत टाक. आणि रेस देऊ नकोस इतकी, रिंगा बसायच्यात अजून.” जाळी काढली. काजळीनं गच्च बुजलेली होती.

इमारत ठरल्याप्रमाणे रिकामी केली. आम्ही भाड्यानं कळव्याला गेलो. सामानाचा टेम्पो पुढे, मी मागे येझदीवर, कळव्याच्या पुलावर दुसऱ्या गियरमध्ये. टेम्पोवाला आरशात बघून हसत होता. नव्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं थांबवलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि वहीत लिहिलं, ‘बुलेट, जुनी’. मी ते खोडून येझदी लिहिलं. रात्रपाळीच्या वॉचमननं दुसऱ्या दिवशीच्या पानावर परत बुलेट लिहिलं. पार्किंगचं स्टिकरसुद्धा त्याच नावानं छापून आलंय, आणि ते टाकीवर उजवीकडेच लावायचं असा इथला नियम आहे. पोच्यावर ते काही केल्या सपाट बसत नाही.